हातगाडीवरील आहार व अष्ट आहारविधिविशेषायतने : मुंबई शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत आहाराचे स्थान पहिले आहे, हे वैद्यवर्गास नव्याने सांगण्याचे कारण नाही. तथापि महानगरातील रुग्णाचा आहार नेमका कोठे सिद्ध होतो, कोण करतो, किती वाजता आणि कोणत्या स्थितीत सेवन केला जातो, या प्रश्नांची उत्तरे आपल्या रुग्णपत्रकात क्वचितच सापडतात. 'बाहेरचे खाणे : आहे' अशी एक ओळ लिहिली जाते आणि 'बाहेरचे खाऊ नका' असे एक वाक्य सांगितले जाते. रुग्ण मान डोलावतो, औषध घेऊन जातो, आणि त्याच सायंकाळी स्थानकाबाहेरच्या गाडीसमोर उभा राहतो. येथे रुग्णाला दोष देऊन भागत नाही. पहाटे साडेपाचला घर सोडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या मनुष्याला 'बाहेरचे नको' हा आदेश म्हणजे पुष्कळदा 'उपाशी राहा' असाच आदेश असतो. जो आदेश पाळता येत नाही, त्यास पथ्य म्हणता येत नाही.

म्हणून हातगाडीवरील आहाराचा सरसकट निषेध न करता, चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांच्या आधारे त्याची छाननी करावी, असे आम्ही योजिले आहे. उदाहरणासाठी मुंबई शहर घेतले आहे. हातगाड्यांचे एवढे वैविध्य एकत्र पाहावयास मिळणारी स्थाने थोडी, आणि आपल्या अनेक वाचकांचे रुग्ण याच शहरात किंवा त्याच्या उपनगरांत राबत असतात.

शहर आणि त्याच्या हातगाड्या

मुंबईच्या हातगाडीचा इतिहास हा श्रमिकांच्या भुकेचा इतिहास आहे. गिरण्यांच्या रात्रपाळीतून सुटलेल्या कामगारांसाठी उरलेल्या भाज्या तव्यावर एकत्र ठेचून पावाबरोबर देण्याच्या प्रथेतून पावभाजी जन्मली, असे परंपरेने सांगितले जाते. वडापावाचा आरंभ १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, अशी सर्वत्र प्रचलित माहिती आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांचे काम गेले, त्यांच्यापैकी कित्येकांनी उदरनिर्वाहासाठी वड्याची कढई मांडली. म्हणजे जो वर्ग पूर्वी गाडीचा ग्राहक होता, तोच पुढे गाडीचा मालक झाला.

आज शहरात फिरले असता प्रहराप्रहराला गाड्या पालटताना दिसतात. पहाटे धारावी परिसरात वाफवलेल्या इडल्या डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन विक्रेते उपनगरांत पसरतात. स्थानकांबाहेर कांदेपोहे, उपमा, शिरा यांची पातेली मांडली जातात. दुपारी चर्चगेट, फोर्ट, झवेरी बाजार येथील खाऊगल्ल्यांत सँडविच, डोसा, पुरी-भाजी यांची वर्दळ असते. सायंकाळी गिरगाव आणि जुहूच्या चौपाटीवर भेळ, शेवपुरी, पाणीपुरी, रगडा पॅटिस, कुल्फी, बर्फाचा गोळा यांचे राज्य असते. घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोशावर चीज आणि शेजवान चटणी पडते. रमजानच्या महिन्यात मोहम्मद अली मार्गावर मिनारा मशिदीच्या परिसरात रात्रभर कबाब, नल्ली-निहारी, मालपुवा आणि फिरनी मिळते. मध्यरात्रीनंतर अंडाभुर्जी-पाव आणि कटिंग चहा एवढेच उरतात. टॅक्सीचालक, रुग्णालयांतील सेवक, पहारेकरी यांचा तोच आधार असतो.

इतक्या विविध पदार्थांना 'बाहेरचे खाणे' या एकाच नावाने संबोधणे म्हणजे सर्व ज्वरांना एकच ज्वर समजण्यासारखे आहे.

अष्ट आयतनांनुसार छाननी

१) प्रकृती : द्रव्याचा स्वाभाविक गुण. येथे पहिली अडचण अशी की बटाटा, टोमॅटो, मिरची ही गाडीवरची प्रमुख द्रव्ये अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. संहितांत त्यांचे वर्णन नाही. तरीही रस, गुण, वीर्य, विपाक यांवरून त्यांचे अनुमान करता येते. मिरची कटू, उष्ण, तीक्ष्ण. बटाटा मधुर, गुरू आणि अनुभवाने विष्टंभी. वड्याचे आवरण चणकपिठाचे. चणक लघू, रूक्ष, शीत आणि वातकर. मैद्याचा पाव गुरू आणि पिच्छिल. याउलट भेळेतील चुरमुरा हा लाजांच्या जातीचा, लघू. पोह्यांविषयी मात्र सर्वसामान्य समज उलटा आहे. सकाळचा हलका नाश्ता म्हणून पोहे सांगितले जातात. चरकांनी पृथुक गुरू म्हटले असून अल्प मात्रेत खावयास सांगितले आहे. मिसळीतील मोड आलेल्या मटकीबाबतही असेच. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात नित्य सेवन करू नये अशा द्रव्यांत दधी, पिष्ट आणि विरूढ धान्य यांचा समावेश आहे. येथे 'नित्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

२) करण : संस्कार. हातगाडीचे गुणदोष बहुतांशी येथे ठरतात. वाफवलेली इडली, भाजलेले कणीस, भाजलेले फुटाणे, तव्यावरचा साधा डोसा आणि तळलेला वडा यांत अग्निसंस्काराचा भेद मोठा आहे. तळणाचे तेल हा त्यातील कळीचा मुद्दा. एकाच कढईत दिवसभर घाण्यामागून घाणे काढले जातात आणि उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी नवे तेल ओतले जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ही मोजणी गाडीसमोर उभ्या ग्राहकाला शक्य नाही. परंतु तेल काळसर व दाट झालेले, तापण्यापूर्वीच धूर सोडणारे, वर फेस धरणारे आणि घशाला खवखव आणणारे असेल तर ते त्याज्य, एवढी ओळख रुग्णास सहज शिकविता येते. वारंवार तापविलेल्या तेलाचा थेट उल्लेख विरुद्धाहाराच्या उदाहरणांत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. मात्र संस्कारविरुद्ध आणि पाकविरुद्ध या दोन प्रकारांच्या तत्त्वात ते बसते, असे आमचे मत आहे. कृत्रिम रंगांची गोष्टही अशीच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. अनैसर्गिक लालभडक रंगाचा पदार्थ नाकारावा, हा नियम साधा आणि पाळण्याजोगा आहे.

३) संयोग : दोन किंवा अधिक द्रव्यांचे एकत्र येणे. केळे आणि दूध यांचे मिश्रण करून विकणाऱ्या गाड्या शहरात सर्वत्र आहेत. दुधाबरोबर अम्ल फळांचा संयोग चरकांनी विरुद्ध सांगितला असून त्या नामावलीत मोच म्हणजे केळे येते. तव्यावरच्या भाजीत लोणी, त्यावर चीज, बाजूस तळलेला पाव आणि हातात बर्फ घातलेले थंड पेय, हा संयोग तर रोजचाच. उष्ण आणि शीत यांचा असा मेळ वीर्यविरुद्धाच्या कक्षेत येतो. याउलट काही संयोग लोकांनी अनुभवाने चांगले जुळविले आहेत. वड्याच्या सारणात लसूण, आले, हिंग, हळद, मोहरी घालण्याची रीत बटाटा व चणक यांच्या वातकर, विष्टंभी स्वभावास छेद देते. पाणीपुरीच्या पाण्यातील पुदिना, जिरे, आले, काळे मीठ, चिंच ही द्रव्ये दीपन-पाचन आहेत. दोष त्या पाककृतीत फारसा नाही. दोष असलाच तर तो पाण्यात आहे.

४) राशी : मात्रा. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण आहाराची मात्रा आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक घटकाची मात्रा. गुरू द्रव्य तृप्तीच्या अर्धे किंवा तृतीयांश घ्यावे, हा चरकांचा दंडक आहे. एक वडापाव हा अनेकांच्या बाबतीत त्या दंडकात बसतो. परंतु स्वस्त म्हणून दोन, त्यावर 'भज्यांचा चुरा जरा जास्त टाका' आणि मग घरी जाऊन रात्रीचे पूर्ण जेवण, असे झाले की प्रश्न केवळ मात्रेचा राहत नाही. तो अध्यशनाचा होतो.

५) देश : द्रव्याचा देश आणि सेवन करणाऱ्याचा देश. मुंबई ही समुद्रवलयांकित, आर्द्र, आनूप भूमी. आनूप देशात स्निग्ध आणि शीत द्रव्यांचे सेवन देशविरुद्ध ठरते. या दृष्टीने लोणी-चीजचा अतिरेक आणि बर्फाचे पदार्थ कोरड्या प्रदेशापेक्षा येथे अधिक बाधक. लसणाची सुकी चटणी, आले, कोकम ही किनाऱ्याची जुनी द्रव्ये येथे सुसंगत ठरतात, हा योगायोग नव्हे. देशाचा दुसरा अर्थ स्थान. उघड्या गटारालगत, वाहनांच्या धुळीत उभी असलेली गाडी आणि नळाची सोय असलेल्या मंडईतील गाडी यांत पदार्थ एकच असला तरी देश एक नाही.

६) काल : नित्यग आणि आवस्थिक. वर्षा ऋतूत अग्नी दुर्बल, वात प्रकुपित आणि जल अम्लविपाकी असते. नेमक्या त्याच दिवसांत भज्यांच्या गाडीवर सर्वाधिक गर्दी होते. उष्ण, स्निग्ध, लवण-अम्ल रसाची इच्छा वर्षा ऋतूत स्वाभाविकच आहे; ती भागविण्यास गरम भजी थोड्या प्रमाणात खाल्ली तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्या काळातील कच्च्या चटण्या, कापून ठेवलेली फळे, थंड पाणी आणि बर्फ यांनी. दुसरे उदाहरण दह्याचे. रात्री दही सेवन करू नये, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु दहीपुरी, दहीवडा हे सायंकाळनंतरचेच पदार्थ आहेत, आणि प्रतिश्यायाचा किंवा त्वचाविकाराचा रुग्ण 'दही खात नाही' असे सांगताना दहीपुरी त्यात मोजत नाही. उसाच्या रसाबाबतही सूक्ष्म भेद आहे. दातांनी चावून घेतलेला रस आणि यंत्राने काढलेला रस यांत चरकांनी फरक केला असून यांत्रिक रस विदाही म्हटला आहे. शरद ऋतूत, पित्तप्रकोपाच्या काळी, अम्लपित्ताचा रुग्ण 'थंडावा' म्हणून रसवंतीचा रस पीत असेल तर त्याला हा भेद समजावून द्यावा.

७) उपयोगसंस्था : सेवनाचे नियम. येथे न्यायाने दोन्ही बाजू पाहाव्यात. आहार उष्ण असावा, स्निग्ध असावा, हे नियम समोर घाणा काढून देणारी गाडी पाळते; सकाळी भरलेला आणि दुपारी थंडगार झालेला डबा ते पाळत नाही. परंतु पूर्वीचा आहार जीर्ण झाल्यावर खावे, फार घाईने खाऊ नये, बोलत-हसत न खाता तन्मनाने खावे, इष्ट स्थानी खावे, या नियमांचा गाडीसमोर भंग होतो. एका हातात पाव, दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी, डोळे गाडीच्या वेळापत्रकाकडे, अशा स्थितीत घेतलेला निर्दोष आहारही सम्यक् पचेलच असे नाही. विरुद्धाच्या अठरा प्रकारांत विधिविरुद्ध हा एक प्रकार सांगितला आहे, तो येथे स्मरावा.

८) उपयोक्ता : सेवन करणारा. आठही आयतनांचा कस येथे लागतो. सातत्याने व्यायाम करणारा, दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध, बलवान आणि ज्यास ते द्रव्य सात्म्य झाले आहे, अशा व्यक्तीस विरुद्धाहारही अल्प मात्रेत फारशी बाधा करीत नाही, असे चरकांनी स्पष्ट म्हटले आहे. समजा, मस्जिद बंदर येथे दिवसभर पोती उचलणारा माथाडी कामगार आणि डोंबिवलीहून तासाभराचा प्रवास करून फोर्टमधील कार्यालयात आठ तास बसणारा कारकून, हे दोघे एकाच गाडीवर दोन वडापाव खातात. पहिल्यास तो आहार आहे. दुसऱ्यास तो हळूहळू हेतू ठरतो. दोघांनाही एकच वाक्य सांगणारा वैद्य दोघांपैकी कोणालाच उपयोगी पडत नाही.

'खाल्ले' आणि 'शीलन केले' यांतील भेद

वरील छाननीवरून आमच्या मते एक गोष्ट निष्पन्न होते. चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न 'गाडीवर खाता का?' हा नव्हे. 'कोणता पदार्थ, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता आणि कशावर खाता?' हा आहे. चौपाटीवर महिन्यातून एकदा सहकुटुंब खाल्लेली भेळ आणि रोज सायंकाळी सातला स्थानकाबाहेर खाल्लेली भजी यांचा परिणाम एक नाही. समशन, विषमाशन आणि अध्यशन या तीन अपप्रवृत्ती गाडीवरच्या आहारापाठोपाठ येतात, आणि ग्रहणीदोषाची भूमी पुष्कळदा पदार्थापेक्षा त्यांनीच तयार होते.

यासाठी रुग्णपत्रकात पुढील सहा प्रश्नांची भर घालावी, असे सुचवितो :

१. घरातून निघण्याची व परतण्याची वेळ कोणती? मधल्या काळात भूक कधी लागते?
२. आठवड्यातील किती आहार गाडीवर होतात? त्यांतील तळलेले किती?
३. तो आहार जेवणाऐवजी असतो की जेवणाव्यतिरिक्त?
४. सोबत काय पिता : पाणी, चहा, थंड पेय? बर्फ असतो काय?
५. उभ्याने, चालताना की बसून खाता?
६. सूर्यास्तानंतर दही, कुल्फी, गोळा यांपैकी काय घेतले जाते?

या प्रश्नांना दोन-तीन मिनिटे पुरतात. त्यातून मिळणारे निदान पुष्कळदा नाडीपरीक्षेला पूरक ठरते.

पथ्याची व्यवहार्य योजना

अपथ्य एकाएकी सोडविल्यास ते टिकत नाही, म्हणून चरकांनी पादांशिक क्रम सांगितला : अहिताचा चतुर्थांश कमी करावयाचा आणि त्या जागी हिताचा चतुर्थांश आणावयाचा, मध्ये अंतर ठेवीत पुढे जावयाचे. हा क्रम हातगाडीलाही लावता येतो. आठवड्यातून पाच दिवस भजी-वडा खाणाऱ्यास पहिल्या टप्प्यात चार दिवसांवर आणावे आणि पाचव्या दिवशी त्याच गल्लीतील दुसऱ्या गाडीकडे वळवावे. रुग्णाला गल्ली सोडावयास सांगितले तर तो ऐकणार नाही. गल्लीतील गाडी बदलावयास सांगितले तर ऐकेल.

सकाळी : पोह्यांपेक्षा गरम इडली किंवा आले-जिरे घातलेला उपमा बरा. अम्लपित्ताच्या रुग्णाने मात्र आंबविलेल्या पिठाची इडली व सांबार रोज घेऊ नये.

दुपारी : डब्यास पर्याय नाही. तो शक्य नसेल तर तव्यावरून थेट मिळणारा साधा डोसा किंवा पोळी-भाजी. कापून ठेवलेली काकडी, बीट, टोमॅटो घातलेले सँडविच वर्षा ऋतूत टाळावे.

सायंकाळी : फुटाणे, भाजलेले कणीस, किंवा कच्च्या चटणीवाचून लिंबू-आले घातलेली सुकी भेळ. वातप्रधान, मलबद्धतेच्या रुग्णास कोरडे फुटाणे देऊ नयेत. त्यास पूर्वी सांगितल्याप्रमाणे समोर तळलेला एक वडा क्वचित चालेल, परंतु मग रात्रीचे जेवण निम्मे करावे.

पेय : गोळा व बर्फाच्या सरबताऐवजी जिरे-सैंधवयुक्त ताजे ताक, तेही दिवसा. पिण्याचे पाणी घरून न्यावे. महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन घालण्यात आले, हे रुग्णास सांगावे; निळसर बर्फ पेयात दिसल्यास ते पेय टाकून द्यावे.

वेष्टन : वर्तमानपत्राच्या कागदात गरम तेलकट पदार्थ घेऊ नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ व पुन्हा २०२३ मध्ये याविरुद्ध सूचना दिल्या आहेत. घरून एक लहान डबा नेणे हा यावरचा सोपा उपाय.

औषधविक्रेत्यांसाठी काही शब्द

गाडीवरच्या आहाराचे परिणाम प्रथम वैद्याकडे येत नाहीत. ते औषधविक्रेत्याच्या फळीवर येतात. 'पोट फुगले आहे, काहीतरी द्या' असे म्हणणारा ग्राहक रोजचाच. हिंग्वष्टक, लवणभास्कर, अविपत्तिकर, शंखवटी यांची विक्री त्यातूनच होते. या कल्पांचे सामर्थ्य निर्विवाद आहे, परंतु ते अपथ्याचे परवाने नव्हेत.

लवणभास्कर लवणप्रधान असल्याने उच्च रक्तदाब व शोथ असलेल्या व्यक्तीने ते नित्य घेणे उचित नाही. अविपत्तिकरात शर्करा व त्रिवृत आहे. मधुमेही व्यक्ती आणि वारंवार रेच होणारी व्यक्ती यांस विचारल्यावाचून ते देऊ नये. शंखवटीत शुद्ध वत्सनाभ व पारद-गंधक असतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभादी विषद्रव्ये नमूद असून अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ती सूचना केवळ छापण्यासाठी नसून ग्राहकास वाचून दाखविण्यासाठी आहे.

एकच ग्राहक महिन्यातून तिसऱ्यांदा पाचक चूर्ण मागत असेल तर त्यास वैद्याकडे पाठवावे. पुढील लक्षणे असतील तर एक पुडीही न देता तत्काळ पाठवावे : कारणाशिवाय घटणारे वजन, काळा किंवा रक्तयुक्त मल, गिळताना अडथळा, सतत छर्दी, चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेली पोटाची तक्रार, छातीत दाब व घाम यांसह 'गॅस'. शेवटच्या लक्षणात हृद्रोग दडलेला असू शकतो आणि शंखवटीत गेलेला अर्धा तास प्राणावर बेतू शकतो.

आणखी एक स्मरण. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जीवाणूचा संबंध त्या वेळी समोर आला. अतिसार होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या, दौर्बल्य, जिना चढताना अडचण, गिळण्यास किंवा श्वासास त्रास असे कोणी सांगितले तर त्यास वातव्याधी समजून तैल-बस्तीची योजना करीत बसू नये. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे.

गाडीच्या पलीकडे उभा असलेला मनुष्य

आतापर्यंतचे विवेचन गाडीच्या अलीकडे उभ्या असलेल्या मनुष्याचे झाले. पलीकडे उभा असलेला मनुष्यही आपला रुग्ण आहे. बारा-चौदा तास उभे राहणे, अग्नी व धूर यांचा सतत संताप, स्वतःचे जेवण ग्राहक ओसरल्यावर म्हणजे अकाली, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे वेगधारण. गाडी सोडून जाता येत नाही, जवळ शौचालय नसते, म्हणून मूत्रवेग अडविला जातो. स्त्री विक्रेत्या तर वेग येऊच नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मूत्रकृच्छ्र, अश्मरी, सिराकौटिल्य, कटिशूल, नेत्रदाह या तक्रारींचे मूळ त्यांच्या व्यवसायात आहे.

त्यांच्या डोक्यावर अनिश्चिततेची टांगती तलवार असते ती वेगळीच. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा केंद्रीय अधिनियम २०१४ साली झाला आणि शहर फेरीवाला समितीची तरतूद त्यात आली. तरीही रोजची धास्ती पूर्णतः सरलेली नाही. ज्याला गाडी केव्हा उचलली जाईल याची शाश्वती नाही, त्याने स्वच्छ पाण्याच्या टाकीवर आणि झाकणाच्या पेटीवर खर्च करावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमानुसार लहान विक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत आणि स्थिर जागा मिळालेला विक्रेता स्वच्छता पाळू शकतो आणि पाळतोही. शासनाने १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी देण्याचे उपक्रम आरंभिले, यावरून श्रमिकाच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न शासनासही मान्य होता, हे दिसते. तो प्रश्न जोवर शिल्लक आहे तोवर गाडी राहणार.

वैद्यबंधूंना येथे एक प्रत्यक्ष कार्य करता येईल. आपल्या चिकित्सालयाच्या आसपास असणाऱ्या पाच-सहा विक्रेत्यांशी परिचय करावा. वर्षा ऋतूच्या आरंभी त्यांची नाममात्र शुल्कात तपासणी करावी आणि त्याच वेळी चार गोष्टी सांगाव्यात : पाणी उकळून घ्यावे, चटणी रोजच्या रोज करावी, तेल रोज बदलणे परवडत नसेल तर निदान गाळून, कमी कढईत, कमी आचेवर वापरावे व काळे पडताच टाकावे, पैसे घेणारा हात आणि पदार्थ देणारा हात वेगळा ठेवावा. अधिकाऱ्याच्या तोंडून आलेली हीच सूचना विक्रेता भयाने ऐकतो. वैद्याच्या तोंडून आलेली विश्वासाने ऐकतो. एका विक्रेत्याने तेल बदलले तर त्याचा लाभ दिवसाला शेकडो उदरांना होतो. एवढे मोठे निदानपरिवर्जन आपल्या एका औषधपत्राने साधत नाही.

सारांश

हातगाडीवरील आहार हा एकजिनसी नाही. प्रकृती व संयोग या दोन आयतनांत त्यातील अनेक पदार्थ निर्दोष, किंबहुना चतुराईने जुळविलेले आहेत. त्यांचे दोष मुख्यत्वे करण, देश, काल आणि उपयोगसंस्था यांत आहेत, आणि त्या दोषांचे फळ उपयोक्त्यानुसार पालटते. म्हणून निषेध पदार्थाचा न करता आयतनाचा करावा : तळण जुने नको, पाणी संशयित नको, दही रात्री नको, घाई नको, जेवणावर जेवण नको, आणि कोणताही गुरू पदार्थ नित्य नको. रुग्णाला पाळता येईल तेवढे सांगावे आणि सांगितलेले पुढच्या भेटीत विचारावे. औषधविक्रेत्याने पुडी देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. विक्रेत्याला रोगाचे कारण न मानता आरोग्यरक्षणातील सहकारी मानावे.

आमच्या सुज्ञ वाचकांनी आपापल्या गावातील हातगाड्यांची अशीच आयतननिहाय नोंद करावी. नागपूरची तर्री-पोहे, कोल्हापूरची मिसळ, नाशिकचा चिवडा यांचे देश, काल आणि उपयोक्ते वेगळे आहेत. मुंबईसाठी केलेले अनुमान त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाही. त्या नोंदी एकत्र आल्या तर प्रादेशिक पथ्यापथ्याची एक उपयुक्त संहिता आपल्या हाती येईल. इति.